शार्कच्या पोहण्याच्या स्नायूंपर्यंत रक्त कसे पोचते: नवशिक्यांसाठी विच्छेदनाची वाट

शार्कचे विच्छेदन शिकायला बसलेला विद्यार्थी बहुधा हृदयापासून सुरुवात करतो. पुस्तकांतला क्रमही तोच असतो: हृदय, अधर महाधमनी (हृदयातून निघणारी, पोटाच्या बाजूची मोठी धमनी), कल्ल्यांकडे जाणाऱ्या धमन्या, कल्ल्यांतून निघणाऱ्या धमन्या, पृष्ठ महाधमनी (कण्याखालून धावणारी मोठी धमनी) आणि मग तिच्या फांद्या. त्या फांद्यांपाशी येईपर्यंत डोक्यात नावांची गर्दी झालेली असते, हात दमलेले असतात, आणि ज्या स्नायूंना पोसायला हे रक्त निघाले ते स्नायू नीट पाहायचे राहून जातात. मी ही वाट उलटी चालायला सांगतो. आधी स्नायू शोधा, त्यातही लाल स्नायू शोधा, म्हणजे संथ, सतत पोहण्यासाठी वापरला जाणारा गडद स्नायू. तो कुठे बसला आहे हे कळले की वाहिन्या तिथेच का वळल्या हे उलगडत जाते. डॉगफिश आणि माको या दोन शार्कांच्या वाहिन्यांचे नकाशे इतके वेगळे का, याचे उत्तर हृदयात सापडत नाही. ते लाल स्नायूच्या जागेत आहे.

मासा आणि हत्यारे

लहान कॅटशार्क किंवा काटेरी डॉगफिश घ्यावा. अर्धा ते एक मीटर लांबीचा मासा ट्रेमध्ये हाताळता येतो आणि त्याच्या मुख्य वाहिन्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. जमल्यास दोन मासे मिळवा. एक ताजा किंवा गोठवलेला, स्नायूंचे रंग पाहण्यासाठी. दुसरा, प्रयोगशाळांसाठी तयार केलेला, ज्याच्या वाहिन्यांत रंगीत लेटेक्स भरलेले असते: धमन्यांत लाल, शिरांत निळे आणि आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या शिरांत पिवळे. फॉर्मॅलिनमध्ये राहिलेल्या माशात लाल आणि पांढरा स्नायू दोन्ही करडे पडतात, म्हणून त्या एका माशावर भागवू नये. एकच मिळणार असेल तर मी ताजा निवडेन. वाहिन्या रिकाम्या असल्या तरी शोधता येतात, पण गेलेला रंग परत येत नाही.

मासा संरक्षित प्रजातीचा नाही आणि तो कायदेशीर मार्गानेच आला आहे, याची खात्री चाकू उचलण्याआधी करून घ्या. शार्कच्या कित्येक प्रजातींची संख्या आज इतकी घटली आहे की शिकण्यासाठी मुद्दाम मासा मारण्याचे समर्थन करता येत नाही.

ताजा मासा शेवटच्या क्षणापर्यंत बर्फात ठेवा. शार्कच्या शरीरात युरिया भरपूर असतो आणि मासा मेल्यावर जीवाणू त्याचा अमोनिया करतात. त्यामुळे वास तर येतोच, शिवाय मांस लवकर मऊ पडते आणि बारीक वाहिन्या हाताला लागेनाशा होतात. फॉर्मॅलिनचा मासा असेल तर तो आधी वाहत्या पाण्यात चांगला धुवा, हातमोजे घाला आणि खिडक्या उघड्या ठेवा. हत्यारे साधीच पुरतात: एक मोठी सुरी, स्काल्पेल, बोथट टोकाची कात्री, दोन चिमटे, भिंग, कागद आणि लाल-निळ्या पेन्सिली. स्काल्पेलची जादा पाती हाताशी ठेवा. शार्कच्या कातडीवर दातांसारखे बारीक खवले असतात आणि ते धार पटकन घालवतात. शक्य तिथे कातडी आतून बाहेरच्या दिशेने कापली की पाते जास्त वेळ टिकते.

पहिला काप

पोट फाडण्याचा मोह आवरा. मासा कुशीवर ठेवा आणि पाठीवरच्या दुसऱ्या पराच्या किंचित मागे, मोठ्या सुरीने एका दमात आडवा काप घ्या. सुरी पुढे-मागे ओढत बसलात तर कापलेला पृष्ठभाग फाटतो. पुढच्या तुकड्याचा चेहरा पाण्याने हलकेच धुऊन टिपकागदाने टिपा आणि काही काळ नुसते बघत राहा.

मधोमध कूर्चेचा गोल मणका दिसेल. बहुतेक सगळी जागा फिकट, जवळजवळ पांढऱ्या मांसाने व्यापलेली असेल. त्या मांसात वर्तुळांसारख्या रेषा दिसतात. त्या स्नायुखंडांमधल्या पातळ पडद्यांच्या कडा आहेत. हे स्नायुखंड बाजूने पाहिले तर नागमोडी असतात आणि एकात एक बसवलेल्या शंकूंसारखे मागे-पुढे पसरलेले असतात, म्हणून एका आडव्या कापात अनेक खंड एकाच वेळी चिरले जातात. आता कडेला या. कातडीच्या लगेच आत, कुशीच्या मध्यरेषेच्या आसपास, गडद लालसर मांसाचा एक पातळ थर दिसेल. आपण शोधत होतो तो लाल स्नायू हाच.

हा थर किती पातळ आहे ते मोजपट्टीने मोजून लिहून ठेवा. दिवसभर शार्क ज्याच्या बळावर संथपणे पोहत राहते, तो स्नायू एवढासाच असतो. क्वेंटिन बोन यांनी १९६६ साली कॅटशार्कच्या स्नायूंत विद्युत-संकेत टिपणाऱ्या तारा बसवून दाखवले की संथ पोहताना फक्त लाल तंतू काम करतात आणि पांढरे तंतू शांत असतात. पांढरे जागे होतात ते झेप घेताना किंवा पळ काढताना. त्या झेपेसाठी ते स्वतःत साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, ऑक्सिजनवाचून जाळतात आणि लवकर थकतात.

आता रक्ताकडे. लाल तंतू बारीक असतात, त्यांच्यात मायोग्लोबिन (ऑक्सिजन धरून ठेवणारे लाल प्रथिन), चरबी आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे सूक्ष्म घटक) ठासून भरलेले असतात, आणि प्रत्येक तंतूला केशवाहिन्यांचा वेढा असतो. पांढरे तंतू जाड, आणि त्यांच्यात केशवाहिन्या तुरळक. म्हणजे शरीराचा प्रचंड भाग पांढऱ्या मांसाचा असूनही, संथ पोहत असताना स्नायूंकडे जाणाऱ्या रक्तावर खरा हक्क त्या पातळ लाल थराचा असतो. पुढे एखादी वाहिनी मोठी का किंवा लहान का, असा प्रश्न पडला की हे आठवा.

कापाच्या चेहऱ्यावरच्या वाहिन्या

मणक्याच्या वर एक कमान आहे, तिच्यात मज्जारज्जू. मणक्याच्या खाली दुसरी कमान आहे आणि तिच्यात दोन छिद्रे एकाखाली एक. वरचे छिद्र शेपटीच्या धमनीचे, खालचे शेपटीच्या शिरेचे. धमनीची भिंत जाड, म्हणून रिकामी असली तरी तिचा गोलावा टिकतो. शिरेची भिंत पातळ. पण कूर्चेच्या कमानीत बसल्यामुळे ही शीर सहसा दबत नाही. ही बारीकशी गोष्ट ध्यानात ठेवा, परतीच्या प्रवासात तिचे महत्त्व कळेल.

या मोठ्या धमनीतून स्नायूपर्यंतची वाट शोधायला तुकडा आडवा धरून चालत नाही. आता कुशीवरची कातडी एका चौकोनात सोलायची आहे. इथेच नवशिक्यांचे सर्वाधिक नुकसान होते, कारण लाल स्नायू कातडीला घट्ट चिकटलेला असतो आणि घाईने ओढलेल्या कातडीबरोबर तो व त्याच्या वाहिन्या निघून येतात. चौकोनाच्या कडा उथळ चिरा, एक कोपरा चिमट्याने उचला आणि स्काल्पेलचा बोथट दांडा किंवा मिटलेली कात्री कातडीच्या आतल्या बाजूला टेकवत सावकाश पुढे सरका. एका चौकोनाला अर्धा तास लागला तरी चालेल.

कातडी निघाली की नागमोडी पडद्यांच्या रेषा दिसतात. त्यांतला एक पडदा निवडा आणि त्याच्या शेजारचा स्नायुखंड दांड्याने हळूहळू अलग करत कण्यापर्यंत जा. या पडद्यांच्या बाजूने एक बारीक धमनी आणि तिची सोबतीण शीर जाते. पृष्ठ महाधमनी, आणि शेपटीत तिचेच पुढचे रूप असलेली शेपटीची धमनी, अशा खंडागणिक जाणाऱ्या फांद्या दोन्ही बाजूंना देत जाते. एक फाटा वरच्या स्नायूकडे, एक खालच्या स्नायूकडे, एक छोटा मज्जारज्जूकडे. म्हणजे डॉगफिशमध्ये रक्त शरीराच्या गाभ्यातून बाहेर, कातडीजवळच्या लाल थराकडे जाते. कागदावर एक मणका काढून त्यातून कडेकडे निघालेले लाल बाण काढा. हे चित्र जपून ठेवा, माकोपाशी आल्यावर त्याच्या शेजारी दुसरे चित्र लागेल.

एक नेहमीची चूक सांगून ठेवतो. कुशीच्या आडव्या पडद्यालगत एक पांढरी दोरी लांबवर जाताना दिसते आणि कित्येक जण तिला रिकामी धमनी समजतात. ती बाजूच्या संवेदनारेषेची (पाण्यातली हालचाल टिपणाऱ्या अवयवाची) चेता, म्हणजे मज्जातंतूंची जुडी, आहे. शंका आली की कापलेल्या टोकाकडे भिंगातून पाहा. वाहिनी पोकळ असते, चेता भरीव.

मागे हृदयाकडे

आता पोट उघडायला हरकत नाही. यकृत बाजूला केले की कण्याखालून धावणारी पृष्ठ महाधमनी दिसते. ती पुढे कुठून येते ते पाहा: कल्ल्यांतून निघालेल्या धमन्या दोन्ही बाजूंनी येऊन तिला मिळतात. छातीच्या परांना रक्त देणारी धमनीही याच भागातून फुटते. पुढे कल्ल्यांपलीकडे अधर महाधमनी आणि शेवटी हृदय.

नावांपेक्षा इथे एक गोष्ट समजून घ्यावी. माशाच्या हृदयातून निघालेले सगळे रक्त आधी कल्ल्यांच्या केशवाहिन्यांतून गाळून निघते आणि मगच स्नायूंकडे जाते. वाटेत दुसरा पंप नाही. शार्कच्या हृदयाने निर्माण केलेला दाब आपल्या रक्तदाबाच्या मानाने मुळात कमी असतो, त्यातला बराच कल्ल्यांतच खर्च होतो, आणि उरलेल्या दाबावर रक्ताला शेपटीच्या टोकापर्यंत जायचे असते. शेपटीच्या स्नायूंतून परतणाऱ्या रक्तापुढे तर आणखी एक अडथळा आहे. शेपटीची शीर पोटात शिरताना दुभंगते आणि दोन्ही मूत्रपिंडांत पुन्हा केशवाहिन्यांत विखुरते. याला रीनल पोर्टल रक्ताभिसरण म्हणतात. कल्ले, स्नायू, मूत्रपिंड, अशा तीन केशजाळ्या ओलांडून ते रक्त मोठ्या शिरांत आणि तिथून हृदयात येते.

मग ते ढकलते कोण? पोहणारी शेपटीच. शेपटी एका बाजूला वळली की आकुंचन पावणारा स्नायू आपल्या शिरा पिळतो. त्या शिरा जिथे शेपटीच्या मुख्य शिरेला मिळतात तिथे झडपा असतात, म्हणून पिळलेले रक्त आत जाते, बाहेर येत नाही. मुख्य शीर कूर्चेच्या कमानीत सुरक्षित असल्याने ती स्वतः पिळली जात नाही आणि रक्त पुढेच सरकते. सॅचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली पोर्ट जॅक्सन शार्कच्या शेपटीवर हे काम केले. मला या सगळ्या विषयातला हा भाग सर्वांत देखणा वाटतो. जो स्नायू रक्त मागतो, तोच रक्त परतही पाठवतो. दुसऱ्या टोकाला हृदयाभोवतीची पिशवी बरीच कडक असते, त्यामुळे हृदयाचा एक कप्पा आकुंचला की आत ओढ निर्माण होते आणि शिरांतले रक्त हृदयाकडे खेचले जाते.

कातडीखालच्या शिरांकडेही नजर टाका. कुशीतून जाणारी बाजूची शीर पुढे छातीच्या पराजवळ मोठ्या शिरांना मिळते. डॉगफिशमध्ये ती दुय्यम वाटते. पुढच्या प्रकरणात तीच नायिका आहे.

माको आणि त्याचे कुटुंब

माको, पोर्बीगल, सामन शार्क आणि ग्रेट व्हाइट हे एकाच कुटुंबातले. यांचा आडवा काप डॉगफिशच्या कापाशेजारी ठेवला तर ओळखायला क्षणही लागत नाही: कातडीखाली लाल थर नाही. लाल स्नायू आत सरकून कण्याच्या दोन्ही बाजूंना दोन गडद पट्ट्यांसारखा बसलेला असतो, पांढऱ्या मांसाने वेढलेला. तो शरीराच्या पुढच्या-मधल्या भागात जास्त भरतो, म्हणून या माशांत काप पाठीवरच्या पहिल्या पराच्या पातळीवर घ्यावा. डॉगफिशसारखा मागे घेतलात तर लाल मांस थोडकेच दिसेल आणि चुकीचा निष्कर्ष निघेल. आत बसलेला हा स्नायू लांब कंडरांच्या मदतीने शेपटीवर जोर पोचवतो.

आता वाहिन्या. डॉगफिशच्या सवयीने पृष्ठ महाधमनी शोधाल तर ती शरीराच्या मानाने बारीक निघेल. रक्ताचा मुख्य ओघ दुसरीकडूनच जातो. कल्ल्यांच्या मागच्या भागातून एक जाड धमनी दोन्ही कुशींना उतरते आणि थेट कातडीखालून शेपटीकडे धावते, शेजारी तितकीच मोठी शीर घेऊन. आर. एच. बर्न यांनी १९२३ साली पोर्बीगलच्या रक्तवाहिन्यांचे हे वेगळेपण नोंदवले होते. या कुशीतल्या धमनीतून असंख्य बारीक धमन्या आत, कण्याजवळच्या लाल स्नायूकडे जातात, आणि तितक्याच बारीक शिरा त्यांना अगदी बिलगून उलट दिशेने बाहेर येतात. कापावर लाल स्नायूच्या बाहेरच्या कडेला बारीक समांतर रेघांचा गडद पट्टा दिसतो, तो या वाहिन्यांचा गठ्ठा. जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी त्याला लॅटिनमध्ये रेटे मिराबिले म्हटले, म्हणजे अद्भुत जाळे. डॉगफिशच्या चित्राशेजारी आता दुसरे चित्र काढा: बाण कातडीकडून आत.

या उलट्या रचनेचा लाभ असा. सतत काम करणारा लाल स्नायू उष्णता निर्माण करतो. बाकीच्या माशांत ही उष्णता रक्ताबरोबर कल्ल्यांत जाते आणि तिथे पाण्याला दिली जाते, कारण ज्या पातळ पडद्यातून ऑक्सिजन आत येतो त्याच पडद्यातून उष्णता त्याहून सहज बाहेर पडते. माकोमध्ये गरम स्नायूतून निघालेल्या शिरा कल्ल्यांकडून आलेल्या थंड धमन्यांना खेटून जातात. उष्णता शिरेतून धमनीत उतरते आणि पुन्हा स्नायूकडे परत येते. हृदयाकडे जाणारे रक्त थंडच असते. इथे विद्यार्थी नेमका प्रश्न विचारतात: मग धमनीतला ऑक्सिजनही असाच शिरेत गळत नाही का? ऊतीतून उष्णता ऑक्सिजनच्या दहापटीहून अधिक वेगाने पसरते. या जाळ्यातल्या वाहिन्यांच्या भिंती आणि रक्ताचा वेग असे जुळलेले आहेत की उष्णता ओलांडते, ऑक्सिजन मोठ्या प्रमाणावर स्नायूपर्यंत टिकून राहतो.

फ्रान्सिस कॅरी आणि जॉन टील यांनी १९६९ साली माको आणि पोर्बीगल गरम शरीराचे शार्क आहेत हे तापमान मोजून दाखवले. सामन शार्कमध्ये तर ही रचना टोकाला गेली आहे. उत्तर प्रशांत महासागराच्या थंड पाण्यात तिचा लाल स्नायू पाण्यापेक्षा सुमारे २० अंश सेल्सियस गरम, म्हणजे २६ अंशांपर्यंत असू शकतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तिच्या लाल तंतूंनी २० ते ३० अंशांच्या दरम्यान चांगली शक्ती दिली आणि १० अंशांना जवळजवळ काहीच नाही. म्हणजे या माशाला ते जाळे नुसते सोयीचे नाही. ते नसेल तर त्या पाण्यात स्नायू चालणारच नाही. हृदय मात्र थंड रक्तावर चालते, आणि थंडीत धडधडत राहण्याचा भार त्याच्यावर पडतो.

थ्रेशर शार्कांच्या तीन प्रजाती आहेत. त्यांतल्या सामान्य थ्रेशरमध्ये लाल स्नायू आत आणि जाळे बाजूला, अशीच व्यवस्था आहे. मोठ्या डोळ्यांच्या थ्रेशरमध्ये लाल स्नायू कातडीजवळच असतो. तेव्हा नात्यावरून रचना ठरवू नका, काप घेऊन पाहा. ट्यूना तर हाडांचा मासा, शार्कपासून फार दूरचा, तरी त्याने आत सरकलेला लाल स्नायू आणि वाहिन्यांचे जाळे स्वतंत्रपणे मिळवले आहे.

पाकट आणि मांटा

पाकटाचे कुटुंब छातीच्या रुंद परांनी पोहते, त्यामुळे महत्त्वाची धमनी म्हणजे पृष्ठ महाधमनीतून फुटून परात शिरणारी. पराचा काप घ्या आणि वरच्या-खालच्या कातडीजवळ लाल मांस शोधा, बाकी पद्धत तीच. मोब्युला तारापाकाना या मांटाच्या नातेवाईकाच्या परांत उलट्या प्रवाहाचे जाळे आढळले आहे. हा प्राणी १,८०० मीटरहून खोल, ४ अंशांखालच्या पाण्यात बुडी मारतो, हे २०१४ साली उपग्रह-टॅगवरून कळले.

स्वतःची परीक्षा

दोन्ही चित्रे झाकून एका रक्तपेशीचा प्रवास मोठ्याने सांगा. डॉगफिशच्या शेपटीसाठी: हृदय, कल्ले, पृष्ठ महाधमनी, शेपटीची धमनी, खंडाची धमनी, लाल थर, खंडाची शीर, शेपटीची शीर, मूत्रपिंड, मोठी शीर, हृदय. माकोच्या लाल स्नायूसाठी: हृदय, कल्ले, कुशीतली धमनी, जाळे, लाल स्नायू, पुन्हा तेच जाळे, कुशीतली शीर, हृदय. प्रत्येक टप्प्यावर रक्त गरम की थंड, हेही सांगा. जिथे अडखळाल तिथेच पुन्हा स्काल्पेल घेऊन जा.

मोठी शार्क किनाऱ्याला मृत लागली आणि अधिकृत पथकाबरोबर तिच्यापाशी जायची संधी मिळाली, तर पाठीवरच्या पहिल्या पराखालच्या कापाचे छायाचित्र मोजपट्टी शेजारी ठेवून नक्की घ्या. तोंड उघडे ठेवून प्लवक गाळत संथ फिरणारी बास्किंग शार्क थंड शरीराचीच असणार, असे दीर्घकाळ मानले जात होते. २०२३ साली मृत बास्किंग शार्कांच्या विच्छेदनात तिचा लाल स्नायू आत, कण्याजवळ आढळला, आणि जिवंत शार्कांवर लावलेल्या उपकरणांनी कातडीखालचे मांस पाण्यापेक्षा एक ते दीड अंश गरम असल्याचे दाखवले.